हललेला अंगठा

पत्र :

आदरणीय बाई,

मी कळंबचा, धाराशिव जिल्ह्यातला. वय २७. स्टँडच्या मागं माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट, लग्न, बारसं, तेराव्याला भिंतीवर लावायचा मोठा फोटो, सगळं करतो. पोट भरतं. पण गेली चार वर्षं धंदा सोडून माझे स्वतःचेही फोटो काढतोय. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या, बाजारातली माणसं, कुलूप लागलेली घरं.

मागच्या दिवाळीनंतर शेजारच्या गावातून पहाटे एक टोळी निघाली होती. ट्रॅक्टर चालू, सामान भरलेलं, मुकादम ओरडत होता. एक बाई ट्रॉलीतून परत उतरली, घराकडं गेली आणि दाराचं कुलूप ओढून पाहिलं. मी तेवढंच टिपलं. चेहरा नाही, फक्त हात आणि कुलूप. दाराशेजारी खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी लटकत होती, ती घाण दिसत होती म्हणून नंतर मोबाइलवर पुसून टाकली. रंगही जरा उठावदार केले. एका स्पर्धेला पाठवला. बक्षीस नाही. परीक्षक म्हणाले, माणूसच दिसत नाही, विषय कळत नाही.

माझे मामा चित्रकलेचे शिक्षक आहेत. ते म्हणाले, "बटन दाबायला काय लागतंय? कला हाताची असती. तू यंत्राचा गडी." हे फार लागलं. मग मी संभाजीनगरला एका प्रदर्शनाला गेलो. तिथं मोठ्या फ्रेममध्ये एका रिकाम्या बाजेचा काळा-पांढरा फोटो होता, तोही धूसर. लोक वा वा करत होते. मला काहीच वाटलं नाही. म्हणजे मला कला कळत नाही, का तिथं कला नव्हतीच? फोटो ही कला असते का? आणि मी कोण, कलाकार का फोटोवाला? सोबत कुलपाच्या फोटोची प्रिंट पाठवतोय.

एक फोटोवाला, कळंब


उत्तर :

प्रिय फोटोवाल्या,

सही करताना तू लिहिलेला शब्द मी तसाच ठेवते, मला तो आवडतो. तुझी प्रिंट आठ दिवसांपासून माझ्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकून उभी आहे. येता-जाता तिच्याकडे बघते. तिच्याबद्दल बरंच बोलायचंय, पण आधी दुसऱ्या एका फोटोची गोष्ट सांगते, कारण तुझ्या मामांना द्यायचं उत्तर मला तिथे सापडलं.

आमचं घर परभणीजवळच्या एका खेड्यात. माळवदाचा वाडा. ढाळजेतून आत आलं की समोरच्या भिंतीवर माझ्या आजीचं तैलचित्र होतं. ती गेल्यावर काकांनी एका पेंटरकडून करून घेतलेलं. तो एरवी सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. हिरवं लुगडं, ठसठशीत कुंकू, गोरा रंग (आजी गोरी नव्हती), मांडीवर दोन्ही हात, दहाच्या दहा बोटं रेखीव. मी चित्र काढायला शिकले ती त्या चित्रासमोर बसून. पाटीवर आजीचं नाक काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. पुढे तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, कितीतरी लेकरं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवली. म्हणजे मी तुझ्या मामांच्याच गोतातली. ते जे बोलले ते मीही बोललेय, भर वर्गात, मोठ्या आवाजात.

वाडा विकायला काढला तेव्हा कोठीतली लोखंडी पेटी उघडली. ज्या फोटोवरून ते चित्र केलं होतं तो मूळ फोटो तीत निघाला. पोस्टकार्डाएवढा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, स्टुडिओचा शिक्का कसरीनं खाल्लेला. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे निजामाचं राज्य गेल्यावर, काही वर्षांनी मोठे काका नोकरीला हैदराबादला निघाले. त्यांना आईचा फोटो सोबत हवा होता, म्हणून आजीला बैलगाडीतून परभणीला नेलं. तिच्या आयुष्यातला तो एकुलता एक फोटो.

त्यात आजी खुर्चीच्या कडेला बसलीय, पाठ टेकलेली नाही. मागे रंगवलेला पडदा : कमान, कुंडी, वर जाणारा जिना. पायात काही नाही. चेहरा अगदी स्थिर. लुगड्याच्या काठाचे धागे मोजता येतील इतके स्वच्छ. आणि उजव्या हाताला अंगठा नाही. म्हणजे आहे, पण धुरासारखा. चार बोटं नीट दिसतात आणि अंगठ्याच्या जागी नुसता पांढुरका फराटा.

मला वाटलं बुरशी आलीय. भिंग आणून पाहिलं. बुरशी नव्हती, अंगठा हललेला होता. त्या लाकडी कॅमेऱ्याला स्टुडिओतल्या उजेडात चांगला सेकंदभर वेळ लागत असणार. फोटोवाल्यानं "हलू नका" म्हणून सांगितलं असेल, आणि आजी हलली नाही. तिनं श्वाससुद्धा धरून ठेवला असेल. पण अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राहिला, कारण ती नाम घेत होती. आत्या तेव्हा हयात होत्या. त्यांना फोटो दाखवला, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, तो अंगठा झोपेत बी हलायचा. आईला कुठं ठाऊक, तो हलायलाय म्हणून."

पेंटरनं हाच फोटो समोर ठेवून चित्र काढलं होतं. त्याला ती चूक वाटली. त्यानं नीटस, स्थिर अंगठा काढला. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि जन्मभर शिकवलंही तेच. इतकी वर्षं आम्ही सगळे ज्या चित्राला हार घालत होतो त्यात आजी नुसती बसलेली होती. पेटीत कसर खात पडलेल्या फोटोत ती नाम घेत होती.

माझ्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. त्या दोन वर्षांत 'फोटोत काय असतं, बटण दाबलं की झालं' हे वाक्य मी वर्गात पुन्हा उच्चारलं नाही.

आता मामांकडे येऊ. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांचा आक्षेप फोटोग्राफीइतकाच जुना आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर या माणसाची फोटो काढायची पद्धत जगापुढे जाहीर झाली आणि वीसच वर्षांनी, १८५९ मध्ये, बोदलेर या थोर फ्रेंच कवीनं छायाचित्रणावर कडाडून टीका केली. ज्यांना चित्रकार होणं जमलं नाही, ज्यांना मेहनत नको, त्यांचा हा आसरा आहे असं त्याचं म्हणणं. छपाईसारखं, लघुलिपीसारखं फोटोग्राफीनं विज्ञानाची आणि कलांची दासी म्हणून मुकाट राहावं, असंही त्यानं लिहिलं. दासी म्हण, नाहीतर गडी म्हण. पण हाच बोदलेर नादार आणि कार्जा या छायाचित्रकारांपुढे बसला, आणि त्याची ती जळजळीत नजर आज आपल्याला ठाऊक आहे ती त्यांच्या फोटोंमुळे.

मामांना सांगायची खरी गोष्ट मात्र आपल्या मराठवाड्यातली आहे. मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी १८४४ च्या सुमारास अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमला गेला. तैलरंगात, मोठमोठ्या कॅनव्हासवर, हातानं. विचार कर, त्या वेळचं जंगल, लेण्यांतला अंधार, वटवाघळं, आणि हा माणूस वर्षानुवर्षं तिथे बसून रंग कालवतोय. चित्रं विलायतेला गेली, लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली, आणि १८६६ च्या आगीत त्यातली बहुतेक जळून गेली. पुढे मुंबईच्या जे. जे. या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्याच ग्रिफिथ्स या शिक्षकानं १८७२ ते १८८५ पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या एका आगीत गेल्या.

पण गिलनं एवढंच केलं नव्हतं. मधल्या काळात तो कॅमेरा शिकला होता. अजिंठा-वेरूळचे त्यानं जोडफोटो काढले. दोन भिंगांतून एकाच दृश्याचे दोन फोटो घेतात, ते दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिले की खांबांमागे खांब, त्यामागे अंधार, अशी लेण्याची खोली डोळ्यांपुढे उभी राहते. १८६४ मध्ये ते पुस्तकरूपानं लंडनला छापले गेले, आणि त्याचे फोटो आजही ब्रिटिश लायब्ररीत पाहायला मिळतात. गंमत अशी की भित्तिचित्रांपुढे तो कॅमेरा लंगडा होता. त्या काळच्या काचेच्या प्लेटवर निळा रंग पांढरा पडायचा आणि लाल-पिवळा काळा. अजिंठा म्हणजे तर गेरूचा, पिवळ्या मातीचा संसार. तिथे ब्रशच हवा. आणि खांबावर पडलेल्या उन्हाची तिरीप, छताची खोली, दगडावरच्या छिन्नीच्या खुणा, यासाठी कॅमेरा हवा. रंगीत फोटोंचं तंत्र आल्यावर निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावरच्या ग्रंथाचे चार भाग काढले ते फोटोंच्याच आधारावर.

मामांना विचार : ब्रश हातात असताना गिल कलावंत होता, आणि त्याच लेण्यात, त्याच खांबासमोर, त्यानंच कॅमेरा लावला तेव्हा तो गडी झाला का? त्याचा डोळा तर तोच होता. मी स्वतःला हा प्रश्न विचारला आणि मला 'हो' म्हणता आलं नाही.

आपल्या भागाला हे कळायला वेळ लागला नव्हता, हेही सांगते. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. सहाव्या निजामानं लाला दीनदयाळ यांना दरबारी छायाचित्रकार नेमलं. हे मूळचे रुडकीला शिकलेले, इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेले गृहस्थ. निजामानं त्यांना किताब दिला 'मुसव्विर जंग'. मुसव्विर म्हणजे चित्रकार.

कायद्याचं विचारशील तर तो तुझ्या बाजूनं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकृतीच्या व्याख्येत चित्र, शिल्प यांच्या मांडीला मांडी लावून छायाचित्र बसलंय, आणि पुढे स्पष्ट लिहिलंय की त्यात कलागुण असोत वा नसोत. फोटो काढणारा हा त्याचा कर्ता. (पैसे घेऊन गिऱ्हाइकासाठी काढलेल्या फोटोची मालकी मात्र, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाची. लग्नाचे फोटो जाहिरातीला वापरण्याआधी हे लक्षात ठेव.) पण हे कलम काढून मामांशी भांडू नकोस. या हिशेबानं तू रोज काढतोस तो प्रत्येक पासपोर्ट फोटोही कलाकृती होतो, आणि तुझा प्रश्न तो नाही.

तुझा प्रश्न टेबलावरच्या या प्रिंटचा आहे. आता तिच्याबद्दल बोलते, आणि शिक्षक म्हणूनच बोलते.

दोन फळ्यांचं दार, निळा रंग पोपडे येऊन गेलेला. कडीला पितळी कुलूप. हातात हिरव्या काचेच्या दोन बांगड्या, तर्जनीला चिंधी बांधलेली. ती चिंधी बहुधा काम सुरू होण्याआधीचीच, म्हणजे घर आवरतानाच बोट कापलंय. कुलूप आधीच लागलेलं आहे. ती ते लावत नाही, ओढून बघतेय. मनगटाच्या शिरा ताणल्यात, त्यावरून ते कळतं. आणि उजेड! उजेड डावीकडून, खालून येतोय, म्हणजे तो ट्रॅक्टरच्या दिव्याचा. त्यामुळे हाताची सावली हातापेक्षा मोठी होऊन दारावर पडलीय. म्हणजे जे यंत्र तिला न्यायला आलंय त्याच्याच उजेडात ती घर बघून घेतेय. तुला हे त्या क्षणी सुचलं नसेल. पण तू चेहऱ्यामागे धावला नाहीस, आणि डाव्या बाजूला जिथे उभा राहिलास तिथे ती सावली तुझ्या अंगावर न पडता दारावर पडली. परीक्षकांना माणूस दिसला नाही. मला त्या मनगटात अख्खी बाई दिसली, सहा महिने घर सोडून जाणारी.

यात कला आहे. मी हे तुझं मन राखायला म्हणत नाही.

आणि आता तुझी चूक. ती पिशवी तू पुसलीस.

प्रिंटमध्ये दाराच्या उजवीकडे खुंटी आहे आणि खुंटीखाली भिंत उगाच गुळगुळीत झालीय. बाकी सगळीकडे मातीला भेगा, शेणाचे हात फिरलेले, आणि तिथे वीतभर जागा लोण्यासारखी. मोबाइल काय करतो ते तुला माहीतच आहे : आपण बोट फिरवून वस्तू काढली की रिकाम्या जागी तो आपल्या मनानं भिंत भरतो. ती वीतभर भिंत त्या गावात नाही, कुणी ती कधी पाहिलेली नाही. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंतानं संगणकानं तयार केलेली प्रतिमा छायाचित्रांच्या एका मोठ्या जागतिक स्पर्धेत पाठवली, ती निवडली गेली, आणि त्यानं बक्षीस नाकारून सांगितलं की हे छायाचित्र नव्हेच. त्याची अख्खी प्रतिमा तशी होती, तुझी वीतभर जागा. पण ज्या फोटोचं सगळं बळ 'मी पहाटे तिथं उभा होतो' यात आहे, त्यात वीतभरही फार होते.

आणि त्या पिशवीत काय होतं? सहा महिन्यांसाठी घर बंद करणारी बाई दाराबाहेर पिशवी लटकवून जाते ती उगाच? शेजारणीला द्यायचं काही असेल. म्हाताऱ्या सासूच्या गोळ्या असतील. मागे राहिलेल्या लेकराची वही असेल. नुसता कचराही असेल. मला माहीत नाही, आणि तुझ्या हातातला पुरावा तूच पुसलास. आजीच्या अंगठ्याचं त्या पेंटरनं जे केलं तेच हे झालं.

मोठमोठ्यांकडून हे झालेलं आहे, म्हणून फार मनाला लावून घेऊ नकोस. अमेरिकेत १९३६ साली डोरोथिया लँगनं कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. कपाळाला आठ्या, गालाला लावलेला हात, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुलं. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या फोटोंपैकी तो एक. त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा आला होता. लँगला तो खुपला, आणि नंतर निगेटिव्हवर तो पुसून घेतला गेला. नीट पाहिलं तर पुसल्याची धूसर खूण अजून दिसते. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या कोपऱ्याकडेच बघत बसले होते.

रंगांचंही तसंच. तू केशरी इतका चढवलास की हाताची कातडी प्लास्टिकसारखी झालीय आणि चिंधीवरचा डाग दिसेनासा झालाय. रंग-उजेडाला हातच लावू नये असं मी म्हणत नाही. डार्करूममध्ये सगळे लावायचे. ॲन्सेल ॲडम्स हा अमेरिकन छायाचित्रकार, तरुणपणी पियानोवादक व्हायला निघालेला माणूस. तो निगेटिव्हला संगीताच्या लिहिलेल्या रचनेची आणि प्रिंटला तिच्या सादरीकरणाची उपमा द्यायचा. आपल्या भाषेत बंदिश आणि गाणं म्हण. बंदिश तीच ठेवून गवई तिला रोज वेगळी गाईल. पण तू आलापाच्या नादात बंदिशीतला एक शब्दच गाळलास. मूळ फाइल असेलच. ती काढ, पिशवी परत आण, केशरी उतरव. आणि कोपऱ्यातलं स्टुडिओचं नाव आणि मोबाइल नंबर काढून टाक. लग्नाच्या अल्बमवर ते शोभतं, या दारावर नाही.

राहिली ती बाज. तो फोटो मी पाहिलेला नाही, तेव्हा तो चांगला की वाईट हे मी सांगणार नाही. एकच विचारते : त्याच्यासमोर तू किती वेळ उभा होतास?

मी दरवर्षी मुलांना अजिंठ्याला न्यायचे. पहिल्या लेण्यात शिरलं की उन्हातून आलेल्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. मुलं म्हणायची, बाई, इथं तर नुसता काळोख. मी त्यांना भिंतीवरच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर खाली बसवायचे आणि बोलायचं नाही म्हणून सांगायचे. पाच-सात मिनिटं गेली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "बाई, हातात फूल आहे." मग मुकुट दिसायचा. मग त्या खाली झुकलेल्या पापण्या. चित्र तर सगळा वेळ तिथेच होतं, डोळे सरावायला वेळ लागला. प्रदर्शनात आपण फोटोला पाच सेकंद देतो, तेवढ्यात मागचा माणूस खोकतो आणि आपण पुढे सरकतो.

पुन्हा गेलास तर असं कर. काढणारा कुठे उभा होता ते आधी शोध : बाजेच्या उंचीवर, का वरून? वरून बघणारा पाहुणा असतो, उशाशी बसलेला घरचा असतो. मग उजेड कुठून येतोय ते बघ. मग चारही कडा. कडेवर काय अर्धं तोडलंय, ते चुकून की मुद्दाम? आणि बाजेचं सुंभ बघ. ताणलेलं असेल तर ती नुसती रिकामी बाज. मध्ये खचलेलं असेल तर तिथे कुणीतरी फार दिवस पडून होतं आणि आता नाही. तसं असेल तर तुला ती धूसरता वेगळी दिसेल. एवढं करूनही काही वाटलं नाही तर खुशाल पुढे जा. वा म्हणायची सक्ती नाही, आणि चार लोकांनी वा म्हटलं, फ्रेम जाड आहे, वरून दिवा सोडलाय, एवढ्यानं कुठला फोटो मोठा होत नाही. नाटकी गरिबी आणि नाटकी उदासी आजकाल पुष्कळ फ्रेम करून लावतात. ती ओळखायलाही डोळा लागतो, आणि तो चांगले फोटो पुन्हा पुन्हा बघूनच येतो. गौतम राजाध्यक्षांचे चेहरे बघ, त्यात उजेड गालावरून कसा ओघळतो ते बघ. संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर फिरले, त्यांनी तंबूमागची माणसं टिपलीत. सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढलेत. ते बघताना स्वतःला विचार की हा माणूस त्यांच्या किती जवळ गेला होता आणि त्यांनी त्याला किती जवळ येऊ दिलं होतं. एका बैठकीत पाचापेक्षा जास्त फोटो बघू नकोस.

आणि मामांना सोबत घेऊन बघ. मी खरंच सांगतेय. रिकाम्या जागेचं वजन काय असतं, रेषा डोळ्याला कुठे नेते, हे त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं. स्थिरचित्र शिकवणाऱ्या माणसाला ते कळतंच. तुझा कुलपाचा फोटो त्यांच्यापुढे कला म्हणून ठेवू नकोस. पेन्सिल हातात दे आणि म्हण, मामा, यातली सावली काढून दाखवा. ती काढताना त्यांना त्या मनगटापाशी थांबावं लागेल.

कलाकार का फोटोवाला, याचं उत्तर मी देणार नाही. आजीचा फोटो काढणाऱ्या परभणीच्या त्या माणसाला मी काय म्हणू? त्याचं नाव मला कधीच कळणार नाही. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून असले दोष झाकणं हे तेव्हा रोजचं काम होतं. त्यानं आजीच्या गालावरचा देवीचा व्रण तसा झाकलेला दिसतो. अंगठा मात्र सोडला. घाईत राहिला, की मुद्दाम ठेवला? मला कधी असं वाटतं, कधी तसं. तो दिवसभर स्टुलावर बसलेल्या माणसांना हनुवटी वर करायला सांगणारा, तुझ्यासारखा फोटोवाला होता, एवढं नक्की.

शेवटचं एक काम सांगते. पत्रात तू त्या बाईचं नाव लिहिलं नाहीस. बहुधा विचारलं नसशील. लँगनंही विचारलं नव्हतं. त्या आईचं नाव, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जगाला कळलं ते १९७८ मध्ये, म्हणजे फोटो काढल्यावर बेचाळीस वर्षांनी, आणि तेव्हा ती म्हणाली की या फोटोनं मला काही दिलं नाही. तिच्या बोलण्यात कडवटपणा होता, आणि तो रास्त होता.

टोळ्या परतायला अजून महिना-दीड महिना आहे. तोवर मूळ फाइलवरून एक चांगली प्रिंट काढ. फार मोठी नको, ट्रंकेत मावेल एवढी. ती बाई घरी परतली की जा, कुलूप उघडल्यावर, चहाच्या वेळी. नाव विचार, प्रिंट तिच्या हातात दे, ती दुसरीकडे कुठे लावलेली चालेल का तेही विचार. नाही म्हणाली तर लावू नकोस. आणि ती फोटो बघत असेल तेव्हा तू गप्प बस. तिचं बोट आधी कुठे जातं ते बघ : कुलपावर, चिंधीवर, का पिशवीवर. पिशवीवर गेलं तर आत काय होतं ते विचार, आणि मला कळव.

तुझी,
बाई